इथपर्यंत तिचे शब्द

बस भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून सोमवारी दुपारी आल्विन ब्लोकलांड बाजाराच्या थांब्यावर खिडकीशी बसून होता. मांडीवर खारवलेल्या मांसाची पुडी, पायाशी चुन्याची पिशवी. सात जागा अजून रिकाम्या होत्या. तेवढ्यात कुणीतरी छत्रीच्या मुठीने काचेवर ठोकलं. बाहेर भगिनी लुसिया उभी होती. चर्चच्या दप्तरखोलीची किल्ली गेली चाळीस वर्षं तिच्याकडे होती आणि चर्चमधले सगळे तिला सिसा, म्हणजे ताई, म्हणायचे. ती घामाघूम झाली होती.

"काच उघड. बहिरा झालास का? चार हाका मारल्या."

"सिसा, तू इथं कशी?"

"धावत आले. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई भर बाजारात तुझ्या मागं धावते, लोकांना काय वाटलं असेल ते वाटू दे." तिने खिडकीतून एक तपकिरी पाकीट आत ढकललं. "हे तुझं. म्हणजे हर्मिनाचं. म्हणजे आता तुझंच."

"काय आहे?"

"तिचा कागद."

"तिनं कागद लिहिला नव्हता."

"असं तू म्हणालास, नोव्हेंबरात."

बसवाला आरशातून बघत म्हणाला, "आजी, बसायचं असेल तर बसा. प्रेमपत्रं उतरल्यावर द्या." मागच्या बायका हसल्या. लुसियाने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. "ईस्टरनंतरच्या मंगळवारी बांधणीवाला येतोय," ती म्हणाली. "गेल्या वर्षी गेलेल्यांची वही बांधायची आहे. तू दिलेलं अर्धं पान त्यात जाईल, नाहीतर हे जाईल. हे गेलं तर शेवट तुलाच लिहावा लागेल. वाच आणि ये." आणि छत्री उघडून ती उन्हात निघून गेली.

बस भरली, सुटली. पाकीट त्याने मांसाच्या पुडीखाली ठेवलं, मग तेलाचा डाग पडेल म्हणून वर घेतलं, मग सदऱ्याच्या आत सरकवलं. छातीला कागदाची कड टोचत होती. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, प्रत्येकाने जिवंतपणी आपला एक कागद लिहून ठेवायचा असतो. कुठे जन्मलो, देव आपल्याशी कसा वागला, आपण देवाशी कसे वागलो. मेल्यावर तो शवपेटीशेजारी उभं राहून वाचतात आणि मग दप्तरात ठेवतात. दोनशे वर्षं हे चाललेलं आहे. स्वतःच्या मरणापर्यंतचं कुणालाच लिहिता येत नाही. म्हणून लिहिणं जिथे थांबतं तिथे 'इथपर्यंत त्यांचे स्वतःचे शब्द' अशी एक ओळ येते आणि पुढचं नवरा किंवा बायको पुरं करते. नोव्हेंबरात त्याची बायको हर्मिना गेली तेव्हा पाळक घरी आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि त्यांनी विचारलं, "भगिनी हर्मिनांनी कागद ठेवलाय ना?" आल्विनने लगेच नाही म्हणून सांगितलं. कपाट उघडलं नाही, तिच्या उशीखाली बघितलं नाही. शोधायची त्याला भीती वाटली होती. फेरीबोटीच्या इंजिनघरात वीस वर्षं काढलेल्या माणसाला बिघडत चाललेल्या इंजिनाचा ठोका ऐकू येतो. ठोका ऐकू आला की झाकण उघडावं लागतं, हेही त्याला माहीत असतं. तरी कधीकधी माणूस झाकण उघडत नाही. त्या रात्री त्याने अर्धं पान लिहून दिलं. जन्म अमुक, शाळेत शिक्षिका अमुक वर्षं, एक मुलगी, आणि शेवटी, चव्वेचाळीस वर्षं सुखाने संसार केला. पाळकांनी ते चांगल्या आवाजात वाचलं. चव्वेचाळीस म्हटल्यावर मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. खोकला खराही असेल. पण तो आवाज चार महिने झाले तरी त्याच्या कानातून गेला नव्हता. चव्वेचाळीसातली सव्वापाच वर्षं तो इथे नव्हता, हे मंडळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना माहीत होतं.

घरी आल्यावर त्याने आधी मांस भिजत घातलं. चुना न्हाणीत ठेवला. मग दुसरं काहीच करण्यासारखं उरलं नाही. स्वयंपाकघरात चुलीवरच्या भिंतीला हर्मिनाने चिकटवलेला अक्षरांचा तक्ता अजून तसाच होता. जुन्या जर्मन लिपीतली वाकडी अक्षरं आणि शेजारी साधी अक्षरं, कडांवर फोडणीचे शिंतोडे. निवृत्त झाल्यावर ती लुसियाकडे दप्तरखोलीत जायला लागली आणि साठाव्या वर्षी ही लिपी शिकली. भात ढवळता ढवळता मान वर करून पुटपुटायची. जुन्या काळच्या धर्मप्रचारकांनी लिहून घेतलेले कागद तिला वाचायचे होते. आल्विनला वाटायचं, बाईचा वेळ जात नाही. तो म्हणायचाही, "आता कुणाला पत्र लिहिणार आहेस यात?" ती म्हणायची, "तुला. म्हणजे तुला वाचता येणार नाही."

पाकिटात दोन गोष्टी होत्या. एक लहान चळत, वर लिहिलं होतं, भगिनी योहाना हिचा कागद, १८५८, माझी नक्कल. दुसरी सहा पानं, वर काहीच नव्हतं. त्याने पहिली आधी घेतली. दुसरी घ्यायची नव्हती म्हणून.

योहानाला तो ओळखत होता. म्हणजे दोन-तीन वर्षं जेवणाच्या टेबलावर ती तिसरी माणूस असायची. ती या शहरात एका विधवेची गुलाम होती, शिवणकाम करायची. अनवाणी, कारण गुलामांना पायात काही घालायची मनाई होती. तिचा माणूस फोर्तायन, मळ्याच्या होडीवरचा वल्हेकरी. गुलामांचं लग्न कायदा मानत नव्हता. मंडळी मानायची. चार वडीलधाऱ्यांपुढे दोघांनी एकमेकांचा हात धरला, बंधू राउख या प्रचारकाने तशी वहीत नोंद केली, झालं लग्न. चार वर्षांनी होडी विकली गेली आणि होडीबरोबर वल्हेकरीही. नदीच्या वरच्या अंगाला, दोन दिवसांच्या वाटेवर. हे सगळं आल्विनने घास घेता घेता अर्ध्या कानाने ऐकलेलं होतं. आता हर्मिनाच्या अक्षरात वाचताना ते कुणीतरी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं वाटलं. योहानाला लिहिता येत नव्हतं, तापात पडल्या पडल्या तिने राउखला सांगितलं आणि त्याने उतरवून घेतलं. शेवट असा होता: 'लोक म्हणतात फोर्तायनने तिकडे एक बाई केली आहे. मी त्याला विचारलं नाही. होडी धक्क्याला लागली की तो आधी माझ्याकडे येतो, ओल्या अंगाने. का येतो ते मला माहीत नाही. ते त्याला विचारा, त्यालाच लिहू दे.' खाली राउखची ओळ, इथपर्यंत आपल्या दिवंगत भगिनीचे स्वतःचे शब्द. आणि त्याखाली हर्मिनाने कंसात लिहिलं होतं, पुढे अर्धं पान कोरं.

त्या अर्ध्या कोऱ्या पानाचं ती एकदा सांगत होती. हात भातात तसाच ठेवून म्हणाली होती, "आल्विन, तो माणूस येतो, टेबलापुढे बसतो आणि बोलतच नाही. दरवर्षी. काय असेल त्याच्या मनात?" तो म्हणाला होता, "भात गार होतोय." तिने त्याच्याकडे बघितलं. मग जेवली. तेव्हा त्याला वाटलं होतं की ती फोर्तायनबद्दल विचारते आहे.

सहा पानं त्याने मंगळवारी सकाळी वाचली. अक्षर सुरुवातीला गोल, शाळेच्या फळ्यावरचं. शेवटच्या दोन पानांत थरथरलेलं. ती रक्त शुद्ध करायच्या खुर्चीत बसून लिहीत असणार, डाव्या हातात सुया आणि उजव्या हातात पेन. आठवड्यातून तीन दिवस तो तिला तिथे सोडायचा, चार तासांनी आणायचा, आणि विचारायचा, "कंटाळलीस?" ती म्हणायची, "नाही, काम होतं." लहानपण, आईचं शिवणयंत्र, शाळेतली पहिली मुलं, त्यांची नावंसुद्धा. त्याच्याबद्दल असं: आल्विनने मला चर्चच्या सहलीत आल्याचं सरबत आणून दिलं आणि अर्धं स्वतःच्या सदऱ्यावर सांडलं. तो मला तेव्हाच आवडला. मग: देश हॉलंडच्या ताब्यातून स्वतंत्र व्हायच्या आठवड्यात आल्विन हॉलंडलाच गेला. अर्धं शहर जात होतं. मी म्हटलं माझी शाळा इथे आहे. तो म्हणाला, वर्षभरात तुम्हाला नेतो नाहीतर परत येतो. सव्वापाच वर्षं तो रोटरडॅमला होता. लोकांनी मला तिकडच्या गोष्टी सांगितल्या. मी ऐकून घेतल्या. एक्क्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत तो दारात उभा राहिला. का आला ते मी विचारलं नाही. आधी भीतीने विचारलं नाही, मग सवयीने, आणि मग बरं चाललं होतं म्हणून. आता विचारावंसं वाटतं. पण मी विचारलं तर तो माझ्याकडे बघून चांगलं काहीतरी सांगेल, मी आजारी आहे ना. म्हणून इथे विचारते. योहानाने दाखवलेली वाट आहे. इथपर्यंत माझे शब्द. तू का परत आलास, आल्विन, ते तू लिही.

त्याने पानं नीट जुळवली, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. मग उठून भिजवलेलं मांस धुतलं. पाणी खारट, गढूळ. तीनदा धुतलं. का आलास. चौतीस वर्षं हा प्रश्न या घरात होता आणि आल्विन त्याला वळसा घालून चालत होता, अंधारात खुर्ची कुठे आहे ते पायाला माहीत असतं तसा. उत्तरही तयार होतं. विमानात, सबंध प्रवासात त्याने ते घोकलं होतं: तुमच्याशिवाय राहवेना. विमान रिकामं होतं, कारण इकडे लष्कराने सत्ता घेतली होती आणि सगळे उलट्या दिशेने पळत होते. हवाई सुंदरी म्हणाली होती, "तुम्ही चुकीच्या बाजूला निघालात." ते वाक्य दारात म्हणायचं होतं. कुणी विचारलंच नाही, त्यामुळे ते तसंच राहिलं. खरं कारण मार्लीन होती. मार्लीनचं घर गोदीजवळ तिसऱ्या मजल्यावर होतं, अरुंद उभा जिना. पहिल्या हिवाळ्यात तो आजारी पडला तेव्हा तिने सूप आणून दिलं आणि तो तिथेच राहिला. वाईट बाई नव्हती. पाच वर्षांनी एका संध्याकाळी गोदीतून आला तर त्याची बॅग जिन्यात दुसऱ्या मजल्यावर ठेवलेली. ओल्या पायांनी तो बॅगेशेजारी पायरीवर बसला. वर दाराआड मार्लीन म्हणाली, "आल्विन, तू इथं राहत नाहीस रे. नुसता झोपतोस." त्याने दार ठोकलं नाही. त्याच्याकडे दुसरं घर नव्हतं, म्हणून तो पहिल्या घरी आला. एवढंच. यात प्रेम कुठे होतं? यात देव कुठे होता? मांसाचं पाणी चौथ्यांदा ओतताना त्याला वाटलं, हे चर्चमधे मोठ्याने वाचता येणार नाही, आणि दोनशे वर्षं राहणाऱ्या वहीत तर नाहीच.

ग्रेटाचा फोन दुपारी आला. त्याची मुलगी हॉलंडलाच असते, दोन नातवंडं आहेत. कागद सापडल्याचं त्याने सांगितलं. शेवटची ओळही वाचून दाखवली. 

"मग लिही ना, पपा. आमची आठवण आली म्हणून आलो, असं लिही. खोटं आहे का ते?"

"आठवण यायची."

"मग झालं तर. तू पण ना. साधी गोष्ट असते, तू तिचे नटबोल्ट काढत बसतोस."

"तुला आठवतं, मी आलो ते?"

"आठवतं तर. दारात एक माणूस. मी आईला विचारलं, हा कोण? आई म्हणाली, हात धुऊन ये, वडील आलेत." ती हसली, मग थांबली. "किती साधं म्हणाली रे. जसा काही तू दुकानातून आला होतास."

त्याला ते आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं ते हर्मिनाचं एकच वाक्य: "जेवलास का?" आणि ताटात वाढलेला तपकिरी घेवडा आणि भात. घेवडा पुरेसा होता. तिघांना पुरून उरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, फोन ठेवल्यावर, त्याच्या मनात आलं की दोघींसाठी एवढा घेवडा कोण शिजवतं? मग वाटलं, काहीतरीच. घेवडा दोन दिवसांचा शिजवतातच. या गोष्टीचा पाठलाग करायचा नाही असं त्याने ठरवलं. माणूस दुःखात असला की भांड्याकुंड्यातसुद्धा अर्थ दिसतो.

गुरुवारी तो दप्तरखोलीत गेला. पाकीट लुसियाच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "सिसा, नोव्हेंबरातलं अर्धं पानच बांध. मला हे जमणार नाही."

"बस."

"बसायला आलो नाही."

"बस म्हणते ना. उभ्या माणसाशी बोलायला माझी मान दुखते." तो बसला. खोलीत चुन्याचा आणि वाळवीच्या औषधाचा वास होता. लुसिया म्हणाली, "ही योहानाची पेटी मी वर्षातून एकदाच उघडते, ईस्टरच्या आधी, वाळवी बघायला. हर्मिनाला ते माहीत होतं, पाकीट तिनं त्यातच ठेवलं होतं. तिनं तुझ्या हाताशी ठेवलं असतं तर तू न वाचता कपाटात टाकलं असतंस. म्हणून माझ्या गळ्यात मारलं. चलाख बाई." मग तिने एक जाड वही ओढली. "हा बंधू राउख. जर्मन माणूस, सगळं लिहायचा. पाऊस किती पडला, कोंबडीनं अंडी किती दिली. ऐक. एकोणसाठ सालचा ईस्टरचा शनिवार. 'फोर्तायन आला. योहानाच्या कागदाचा शेवट सांगण्यासाठी टेबलापुढे बसला. तासभर बसला. काही बोलला नाही. जागा सोडून ठेवली आहे.' साठ साल. 'फोर्तायन आला. बसला. बोलला नाही.' एकसष्ट. 'आला. बसला.' बासष्ट. 'आला.' मग राउखच तापानं गेला."

"आणि फोर्तायन?"

"तेच हर्मिना तीन वर्षं शोधत होती. त्रेसष्टला सगळे गुलाम मोकळे झाले, सगळ्यांना आडनावं मिळाली, आणि आडनावांच्या गर्दीत हा हरवला. मळ्यांच्या याद्या, बाप्तिस्म्याच्या वह्या, सगळं पालथं घातलं तिनं. आणि तो सापडला कुठं?" तिने खालच्या फळीवरून लांबट, धुळकट वह्यांचा गठ्ठा काढून टेबलावर टाकला. "यात. चुन्याच्या यादीत."

चुन्याची यादी आल्विनला माहीत होती. देवाच्या शेतात, म्हणजे त्यांच्या दफनभूमीत, सगळे दगड सारखे, जमिनीसपाट, गरीब-श्रीमंत एकाच मापाचे. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मेल्याच्या क्रमाने. ईस्टरच्या आदल्या शनिवारी ज्याने त्याने आपल्या माणसाचा दगड घासून चुना लावायचा, आणि दगडाच्या नंबरापुढे आपलं नाव घालायचं, म्हणजे कुठला दगड बेवारस राहिला ते मंडळीला कळतं. ईस्टर झाला की ती यादी कुणी बघत नाही. लुसियाचं बोट एका ओळीवर होतं. एकशे सतरा, योहाना. पुढे एक फुली आणि दुसऱ्या कुणाच्या अक्षरात, नुसतं फोर्तायन. तिने पान उलटलं. चौसष्ट साल, एकशे सतरा, फुली, आता फोर्तायन वेल्डबोम. पुन्हा. पुन्हा. फुली कधी मोठी, कधी वाकडी, शेवटी शेवटी कापरी. "एक्क्याण्णव सालापर्यंत," लुसिया म्हणाली. "तेहतीस वर्षं. टेबलापुढे गप्प, आणि तिकडे दरवर्षी चुना. आता ब्याण्णव बघ." एकशे सतरा. फुली नव्हती. दिना वेल्डबोम, विधवा.

"ही कोण?"

"मळ्यावरची. ती तिकडची बाई. नवरा गेल्यावर त्याच्या पहिल्या बायकोचा दगड ही घासायला लागली. आणखी सात वर्षं."

आल्विन त्या नावाकडे बघत राहिला. दिना दगडाशी वाकून काय म्हणत असेल? काही म्हणत नसेल. ब्रश फिरवत असेल. गुडघे दुखत असतील. लुसियाने आता एक नवी वही उघडली, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात हर्मिनाची कागदाची एक पट्टी खूण म्हणून घातलेली होती. एकोणीसशे शहात्तर साल. चारशे दोन. तो त्याच्या आईचा दगड. पुढे नाव, आ. ब्लोकलांड. सत्त्याहत्तर, आ. ब्लोकलांड. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी. पाच वर्षं. गोल, फळ्यावरचं अक्षर.

"मी तेव्हा तरुण होते, यादी घेऊन मीच फिरायचे," लुसिया म्हणाली. "मी तिला म्हटलं, अगं बाई, तो रोटरडॅमला आहे, तू त्याचं नाव कसं घालतेस? मला म्हणते, 'लेक लांब गेला म्हणून आईचा दगड काळा पडू द्यायचा का? आण यादी इकडे.' आणि ग्रेटा बाजूला, तोंडभर चुना लावून. मी काय बोलणार?"

 खिडकीबाहेर बसचे भोंगे वाजत होते. कुणीतरी गाडीवर बर्फ किसत होतं. त्या पाच शनिवारी तो काय करत होता ते आठवायचा त्याने प्रयत्न केला आणि एकही शनिवार त्याला आठवला नाही. तिकडे थंडी असायची, एवढंच. लुसियाने दोन पत्रं लिहिली, वाळवीच्या औषधाची बाटली बघितली, जांभई दिली. शेवटी म्हणाली, "तास झाला, बंधू. मी पण लिहू का? आला, बसला, बोलला नाही?"

"सिसा, मी तिच्यासाठी परत आलो नव्हतो."

"मला माहीत आहे."

"तुला कसं?"

"अरे, त्या साली लोक तिकडून पत्रं पाठवायचे. या शहरात कुणाचं काय लपतं? तिलाही माहीत असणार. तिनं 'का आलास' विचारलंय ते माहिती काढायला नाही." तिने पाकीट त्याच्याकडे सरकवलं. "आता जा. मला कुलूप लावायचं आहे."

गुड फ्रायडेला तो चर्चमधे जाऊन आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. लिहिण्याची सवय नव्हती. इंजिनघराच्या नोंदवहीत त्याने आयुष्यभर तेलाचा दाब आणि तापमान लिहिलं होतं. पहिलं पान फाडलं, त्यात देव फार होता. दुसरं फाडलं, त्यात तो स्वतः फार होता. माहिती काढायला नाही, तर कशाला? भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत तो बसला. बाईला सगळं माहीत असून ती चौतीस वर्षं शेजारी झोपली, आणि मरताना तिला एवढंच पाहिजे होतं की त्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगावं. तो दरवर्षी इथेच टेबलापुढे बसत होता. ती जागा सोडून ठेवत होती. मांस शिजत आलं होतं. घेवडा त्याने सकाळीच घातला होता आणि नेहमीसारखा दोघांचा घातला होता, आता तो काय करायचा कुणास ठाऊक. त्याने पेन उचललं आणि इंजिनघराच्या वहीत लिहायचा तसं, जे आहे ते लिहिलं.

शनिवारी देवाच्या शेतात गर्दी होती. बादल्या, ब्रश, मुलांची आरडाओरड, शिंपल्यांच्या रेतीवर चुन्याचे पांढरे ठिपके. त्याने आधी आईचा चारशे दोन घासला. मग योहानाच्या एकशे सतराजवळ थांबला. जुना दगड, हिरवा पडलेला. गेली कित्येक वर्षं तो मंडळीच्या माणसाकडे होता, बेवारस म्हणून. आल्विनने तोही घासला. मग हर्मिनाचा. तिचा दगड नवा, अजून पांढराच, घासण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी त्याने घासला. ती बायकांच्या बाजूला आहे, तो मरेल तेव्हा वाटेपलीकडे पुरुषांच्या ओळीत जाईल. मधे चार पावलांची रेती. चार पावलं म्हणजे काही फार नाही. गुडघे टेकून चुना लावताना त्याला वाटलं की तिच्याशी काहीतरी बोलावं, पण शेजारी एक कुटुंब दगडावर पाणी ओतत भांडत होतं, म्हणून त्याने ब्रश पुन्हा चुन्यात बुडवला.

लुसिया यादी घेऊन आली. त्याने खिशातून घडी घातलेलं पान काढून तिला दिलं. तिने चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचलं.

'इथपर्यंत तिचे स्वतःचे शब्द. पुढचं मी, तिचा नवरा आल्विन, लिहितो. मी रोटरडॅमला मार्लीन नावाच्या बाईकडे राहत होतो. तिने माझी बॅग जिन्यात ठेवली. मला जायला दुसरी जागा नव्हती म्हणून मी परत आलो. हर्मिनासाठी आलो नाही. तिने दार उघडलं आणि जेवलास का विचारलं. नंतर मला जायला जागा होत्या. दोनदा बोटीवर चांगलं काम मिळत होतं, एकदा भावाने तिकीट पाठवलं. मी गेलो नाही. तेव्हा मी तिच्यासाठी राहिलो. असं चौतीस वर्षं. हे मी तिला सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही, आणि तिने विचारलं नाही कारण मी सांगितलं नाही. नोव्हेंबरात मी लिहिलं होतं की आम्ही चव्वेचाळीस वर्षं सुखाने संसार केला. ते चूक आहे. सव्वापाच वर्षं तिने एकटीने केला. माझ्या आईचा दगडसुद्धा तिने सांभाळला, माझ्या नावाने. ती चौदा नोव्हेंबरला पहाटे गेली. मी तिचा हात धरून होतो. तिने शेवटी विचारलं, जेवलास का. मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.'

लुसियाने चष्मा काढला, घागऱ्याला पुसला, पुन्हा लावला. "असंच बांधू?"

"असंच."

"तुझी नातवंडं वाचतील हे. त्यांची नातवंडं वाचतील."

"वाचू देत."

"तो जिना नसता लिहिलास तरी चाललं असतं."

"तिनं विचारलं होतं, सिसा."

लुसियाने पान पाकिटात घातलं. पाकीट काखेत धरून तिने यादी उघडली आणि दगडांचे नंबर बघत पेनाचं टोपण काढलं. "चारशे दोन, एकशे सतरा आणि हर्मिनाचा. तिन्हीला तुझंच नाव ना?"

"हो. आण इकडे," आल्विन म्हणाला. चुन्याचे हात त्याने विजारीला पुसले, यादी गुडघ्यावर घेतली आणि तिन्ही ओळींत आपलं नाव आपल्या हाताने लिहिलं.